आत्याचा कॅन्सर, म्हणजे माझा काय संबंध?

"वय 32, वाळवा तालुक्यात सासर. दोन मुलं, दोघांनाही दीड-दीड वर्ष अंगावर पाजलं. आत्याला 38व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, उपचारानंतर ती आता बरी आहे. वडिलांची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. सासूबाई म्हणतात, हे आईकडून येतं, आत्याचं तुला काय? आणि पाजलंयस की मुलांना! तपासणी करावी तर धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, बोभाटा होईल. काय करू?"

प्रिय ताई,

सासूबाई धीर द्यायला म्हणतात, पण ते खरं नाही. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांत दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. या जनुकांची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एका प्रतीत दोष असला तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, अंडाशय तर नसतंच. त्यामुळे वडील ठणठणीत असले तरी दोष त्यांच्यातून तुमच्याकडे आलेला असू शकतो.

स्तनाच्या 100 कॅन्सरपैकी असे आनुवंशिक 5 ते 10च. पण कमी वयातला स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही एकाच बाजूला, ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

पाजण्याचा फायदा आहेच. एकूण दर 12 महिन्यांमागे धोका साधारण 4 टक्क्यांनी घटतो. मात्र दोष असलेल्या 100 बायकांपैकी 60 ते 70 जणींना ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. त्यापुढे हे कवच पुरत नाही.

या जनुकांची टेस्ट आधी आत्याची करा, तुमची नको. तिच्यात दोष सापडला तर नेमका तोच तुमच्या रक्तात शोधता येतो, आणि 'नाही' आलं तर ते खरंच 'नाही' असतं. आधी तुमचीच केली आणि काही सापडलं नाही, तर घरात दोषच नाही की तुमच्यात उतरला नाही, हे कळत नाही. आत्याची बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीची) फाईल घ्या, दोन्हीकडच्या नातेवाइकांना कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते लिहा, आणि जनुकीय समुपदेशकाकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडे जा. मुंबईत टाटा हॉस्पिटलकडे ही सोय आहे. रिपोर्टात कधी कधी 'अर्थ न लागलेला बदल' येतो. त्यावरून ऑपरेशनचा निर्णय कोणी घेऊ नये.

टेस्टची वाट बघत स्तनांची तपासणी मात्र थांबवू नका. घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयातून 10 वजा करायचे, त्या वयापासून ती सुरू करायची, पण मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) सहसा तिशीआधी नाही. तुमची वेळ आलेली आहे. या वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपते, म्हणून सोबत सोनोग्राफी लागेल का ते विचारा. दोष निघालाच तर दरवर्षी एमआरआयही लागतो, आणि अंडाशयं काढण्याबद्दल पस्तिशीनंतर डॉक्टरांशी बोलावं लागतं, कारण अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही.

बहिणीचं. रिपोर्ट तुमच्या हातात येतो, गावात सांगायची गरज नाही. बहिणीला मात्र सांगा. टेस्ट लग्नाआधी करायची की नंतर, की करायचीच नाही, हे तिचं तिनं ठरवू दे. भाऊ असेल तर त्यालाही सांगा, त्याच्या लेकींसाठी.

एवढ्यात न दुखणारी गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर लेप लावू नका, चोळू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सुईची बायोप्सी सांगितली तर करून घ्या. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो हे खोटं आहे.