कुत्र्याला साप चावला तर घरच्या घरी विष कसं उतरवायचं?

घरच्या घरी उतरत नाही. तूप-मिरी, कडुलिंबाचा पाला, करकचून दोरी, ब्लेडने चिरा, यातलं काहीही करू नका. आमचा बंड्या यातच गेला म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

2021 चा जून, नुकताच पाऊस पडून गेलेला. आम्ही सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला राहतो, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये एकाने कडब्याची गंज लावलेली, आणि कडबा म्हटलं की उंदीर आणि उंदीर म्हटलं की साप आलाच. संध्याकाळी बंड्या तिथं भुंकत होता, मला कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला, आधी वाटलं आईनेच कुकर लावलाय. टॉर्च घेऊन जाईपर्यंत तो केकाटत परत आला, नाकाजवळ रक्त. कुत्री वास घ्यायला तोंड पुढं घालतात, म्हणून चावा बहुतेक तोंडावर नाहीतर पुढच्या पायावरच बसतो. साप अजून गंजीपाशीच होता, जाडजूड, पाठीवर साखळीसारखे ठिपके. घोणस.

मी गाडीची किल्ली घेतली तर मामा आडवे आले. "अजगराचं पिल्लू आहे ते, आणि कुत्र्याला काय होतंय, पाला खाऊ घाल की." चौघांनी धरून त्याच्या तोंडात पाला कोंबला, तूप पाजलं, दीड तास गेला यात. तोंड सुजून डोळा मिटला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मामा गप्प झाले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं, गोठलंच नाही, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. त्यांच्याकडं औषधाची एकच बाटली, बाकीच्यासाठी मी मेडिकल पालथी घालत फिरलो, तिसऱ्या दिवशी किडन्या गेल्या आणि तो पण गेला. मामा अजून म्हणतात त्याचं वय झालं होतं. चार वर्षांचा होता ओ तो!

औषध एकच, अँटी स्नेक व्हेनम, माणसांना देतात तेच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर चालतं. कुत्रं लहान म्हणून डोस कमी लागतो असं नाही, सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. सूज नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मण्यार चावली तर सूज जवळपास नसतेच, पाय लटपटतात, लाळ गळते. सापाचा लांबून फोटो मिळाला तर ठीक, मारत बसू नका.

आता हेही खरं की लवकर नेलं असतं तर बंड्या वाचलाच असता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि या औषधाची जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यामुळं बाटली आणून घरी टोचायची नाही. पण तो दीड तास आमच्या हातात होता.

आजच तुमच्या डॉक्टरला फोन करून विचारा, औषध ठेवता का, रात्री फोन उचलता का. मामांनी गेल्या आठवड्यात नवीन पिल्लू आणलंय, त्यांच्या फ्रीजवर मी दोन डॉक्टरांचे नंबर चिकटवून आलोय.