प्रश्न वाचकांचे: बारा बाइटांचा हिशेब

प्रश्न: यूएसबीवरून एमटीपीने (मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल, फाइल देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) फोनवर फाइल पाठवणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहितो आहे. मित्राच्या विंडोजवर तोच कोड चालतो, माझ्या ६४ बिट लिनक्सवर संवाद सुरू करणाऱ्या ‘ओपन सेशन’ कमांडलाच टाइमआउट येतो. केबल दोनदा बदलली. आकड्यांचे बाइट करणाऱ्या स्ट्रक्ट मॉड्यूलला दिलेला फॉर्मॅट आहे: एल, एच, एच, एल, एल.
— एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर: केबलसाठी लॅमिंग्टन रोडच्या बाजाराची तिसरी फेरी मारू नका. नुसती चार्जिंगची केबल असती तर फोन यूएसबीच्या यादीत दिसलाच नसता.

गडबड फॉर्मॅटच्या सुरुवातीला आहे. तिथे बाइट-क्रमाचं चिन्ह नसलं की स्ट्रक्ट त्या-त्या मशीनची मापं घेतं. विंडोजवर कॅपिटल एल चार बाइटांचा, तुमच्याकडे आठ. त्यामुळे मित्राचं पॅकेट १६ बाइटांचं होतं आणि तुमचं ३२. त्यात चार बाइट तर नुसतं भरताड. फोनला पहिल्या चार बाइटांत लांबी १६ दिसते, पण पुढे जिथे पॅकेटचा प्रकार हवा तिथे तुमच्या लांबलेल्या एलचं शून्य येतं. सुरुवातीला ‘लेस दॅन’चं चिन्ह (<, म्हणजे आकड्याचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) टाका आणि एलच्या जागी कॅपिटल आय वापरा. चिन्ह टाकल्यावर एलसुद्धा चारच बाइटांचा होतो, पण आय लिहिला की वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

हेडर १२ बाइटांचं: लांबी ४, प्रकार २, कोड २, व्यवहार क्रमांक ४. प्रकार १ म्हणजे कमांड, २ डेटा, ३ उत्तर, ४ इव्हेंट. हेडरमागे गरजेप्रमाणे चार-चार बाइटांचे पॅरामीटर, जास्तीत जास्त पाच. पाठवण्याआधी बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) छापून पाहा. ‘ओपन सेशन’ असं दिसलं पाहिजे:

१० ०० ०० ०० | ०१ ०० | ०२ १० | ०० ०० ०० ०० | ०१ ०० ०० ००

हेक्स १० म्हणजे १६ बाइट, कोड हेक्स १००२, व्यवहार क्रमांक शून्य, शेवटी सेशनचा क्रमांक १. सेशनचा क्रमांक शून्य चालत नाही. सगळं जमलं तर उत्तर येईल:

०सी ०० ०० ०० | ०३ ०० | ०१ २० | ०० ०० ०० ००

हेक्स २००१ म्हणजे ओके. २०१ई आलं तर सेशन आधीच उघडं आहे. बहुतेक मागच्या वेळी प्रोग्राम मध्येच मारलेला असतो.

नेटवर्क प्रोग्रामिंगच्या सवयीने उद्गारचिन्ह मात्र टाकू नका. त्याने बाइट उलटे लागतात, १६ची लांबी २६,८४,३५,४५६ वाचली जाते आणि फोन उरलेल्या बाइटांची वाट बघत बसू शकतो.

प्रश्न: माझ्या एमटीपी प्रोग्रामने फोनवर फोटो, पीडीएफ व्यवस्थित जातात. पण ५०० बाइटांची एक टेक्स्ट फाइल दर वेळी अडकते. तिच्यात एक अक्षर वाढवलं की जाते!
— एक वाचक, अंधेरी

उत्तर: ५०० आणि हेडरचे १२ मिळून ५१२. हाय-स्पीड यूएसबीत बल्क (फाइलींसारखा डेटा नेणारं) पॅकेट ५१२ बाइटांचं असतं आणि त्याहून छोटं पॅकेट आलं की डेटा संपला, असं समोरचा समजतो. तुमचं पॅकेट काठोकाठ भरलेलं, म्हणून फोन पुढच्याची वाट बघतो. बेरीज ५१२च्या पटीत आली की शेवटी शून्य लांबीचं एक राइट (पाठवणी) करा. १०१२ आणि १५२४ बाइटांच्या फाइलींवर तपासून घ्या. काही फोन नुसत्या लांबीवर विसंबतात, त्यामुळे हा दोष एका फोनवर दिसतो, दुसऱ्यावर लपतो.

याचंच भावंड: हेडर वेगळ्या राइटने पाठवणं. ते १२ बाइट स्वतःच छोटं पॅकेट ठरतात आणि फोनच्या लेखी डेटा तिथेच संपू शकतो. हेडरला फाइलचा पहिला तुकडा जोडूनच पाठवा: १२ अधिक १६,३७२ असे १६,३८४, पुढचे तुकडेही ५१२च्या पटीत, शेवटचा उरेल तेवढा. लांबीच्या रकान्यात हेडरचे १२ धरायचे. कोड आणि व्यवहार क्रमांक कमांडचेच ठेवायचे. डेटासाठी नवा क्रमांक घेतला तर गाडी तिथेच थांबते. ४ जीबीवरच्या फाइलला लांबीचे बत्तीसही बिट १ ठेवतात. तिथे शेवट कळायला छोटं पॅकेट हाच आधार, म्हणून शून्याचं राइट विसरून चालणार नाही.

प्रश्न: सी भाषेतल्या प्रोग्रामने एमटीपीवरून ‘मुंबई’ नावाची फाइल पाठवायची आहे. नावाची लांबी ३ लिहू, ५ की १५?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: ६. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये म, उकार, अनुस्वार, ब, ई असे पाच कोड होतात. १५ हे यूटीएफ-८ या साठवणपद्धतीतले बाइट. एमटीपीला यूटीएफ-१६ लागतं आणि मोजणीत शेवटचं शून्यही धरतात. म्हणून आधी ०६चा एक बाइट, मग सहांचे प्रत्येकी दोन बाइट, एकूण १३. बाइट उलट्या क्रमाने: ‘ब’ म्हणजे २सी ०९. साधा इमोजी सहसा दोन धरा.

मात्र नावाआधीचं ‘ऑब्जेक्ट इन्फो’ (फाइलची माहिती देणारे ठरावीक रकाने) नीट मोजा. ते ५२ बाइटांचं असतं, पण साध्या स्ट्रक्चरचा साइझऑफ (कंपायलरने दिलेलं माप) ५६ येतो. १४ बाइटांनंतर चार बाइटांचा आकडा आहे, तो चारच्या पटीवर यावा म्हणून कंपायलर त्याआधी दोन बाइट सोडतो. ‘असोसिएशनचा प्रकार’ या दोन बाइटांच्या रकान्यानंतर आणखी दोन. गंमत म्हणजे हेडरच्या १२ बाइटांत सगळं आपोआप जुळतं, म्हणून ही चूक इथेच उघडी पडते. स्ट्रक्चर पॅक्ड (मध्ये मोकळी जागा न सोडता) करा, किंवा एकेक रकाना हाताने बफरमध्ये भरा. दुसरा मार्ग लांबचा, पण सरळ.