नागपूरहून न्यूयॉर्क विमानाने किती दूर आहे आणि पोहोचायला खरोखर किती वेळ लागतो?

तुमच्या आईवडिलांच्या जुलैमधील नागपूर–दोहा–न्यूयॉर्क तिकिटावर निघण्याची वेळ पहाटे ३:४५ आणि पोहोचण्याची त्याच दिवशी दुपारी ३:०० अशी आहे, म्हणून प्रवास सव्वाअकरा तासांचा समजावा का, असे तुम्ही दारव्ह्याहून विचारले आहे. तसे समजू नये. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि तिकडच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते; ते मिळवले की प्रवास पावणेएकवीस तासांचा होतो. त्यात दोह्यापर्यंत सुमारे सव्वाचार तास, तिथे अडीच तासांचा थांबा आणि पुढे चौदा तासांचे सलग उड्डाण आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा राहतो.

अंतराचे म्हणाल तर नागपूर ते न्यूयॉर्क सर्वांत जवळची हवाई रेषा सुमारे १२,६०० किलोमीटरची आहे. भिंतीवरच्या नकाशात ती पश्चिमेकडे जाईल असे वाटते. पण शाळेतील पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास ती रशिया आणि ग्रीनलंडवरून जाताना दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवताना मी हा प्रयोग दरवर्षी मुलांकडून करून घेत असे. दोह्यामार्गे मात्र आधी सुमारे २,८४० आणि नंतर १०,७७० असे मिळून १३,६०० किलोमीटर होतात, म्हणजे हजारेक किलोमीटरचा वळसा पडतो.

परतीच्या प्रवासात न्यूयॉर्क–दोहा हे तेवढेच अंतर साधारण साडेबारा तासांत कापले जाते, कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा जाताना विमानाला अडवतो आणि येताना मागून रेटतो. हा वारा हिवाळ्यात अधिक जोरात असतो.

आता ज्या गोष्टीत मी स्वतः चुकता चुकता वाचलो, ती लक्षपूर्वक वाचावी. मुलीकडे जाताना तिकिटावर १२ तारीख होती आणि आम्ही १२ च्या रात्री निघण्याची तयारी करत होतो. शेजारच्या मुलाने तिकीट पाहिले नसते तर १२ च्या पहाटेचे ते विमान आम्ही निघण्याआधीच गेले असते. पहाटे ३:४५ चे विमान असेल तर तीन तास आधी, म्हणजे रात्री पाऊणला, विमानतळावर पोहोचायला हवे. दारव्ह्याहून नागपूर जवळपास १९० किलोमीटर आहे आणि जुलैच्या पावसात मोटारीने चार तास सहज जातात. म्हणून आईवडिलांना तिकिटावरील तारखेच्या आदल्या संध्याकाळी साडेसातपर्यंत घरून निघू द्यावे. उंबरठ्यापासून मोजल्यास हा प्रवास सुमारे एकोणतीस तासांचा होतो, तेव्हा रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात आणि त्या घेण्याच्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे एका कागदावर मराठीत लिहून द्याव्यात.