त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाचा भूगोल कसा आहे? तिथले मुख्य भाग आणि शहरं कोणती?

नकाशा उघडलात की आधी व्हेनेझुएला शोधा. त्याच्या किनाऱ्यापासून त्रिनिदाद जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. शेजारची बरीच कॅरिबियन बेटं ज्वालामुखीतून किंवा प्रवाळातून घडली. त्रिनिदाद मात्र दक्षिण अमेरिकेचाच तुकडा, समुद्राची पातळी वाढल्यावर अलग झालेला. मी भूगोल शिकवतो आणि मुलांना आधी हेच सांगतो, कारण तिथले डोंगर, तेल, प्राणी या सगळ्याचा उलगडा इथूनच होतो.

दोन्ही बेटं मिळून क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं. त्यात टोबॅगोचा वाटा फक्त ३००.

त्रिनिदादच्या उत्तरेला व्हेनेझुएलातल्या किनारी रांगेचाच पुढचा भाग आहे; सर्वोच्च शिखर एल सेरो देल आरिपो, ९४० मीटर. या डोंगरांच्या पायथ्याशी, पारिआच्या आखातावर राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. तिथून पूर्वेला अरिमापर्यंत पायथ्याने सलग वस्ती आहे. क्रिकेटवेड्या मराठी माणसाला या शहराची ओळख वेगळी करून द्यायला नको. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर. सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण, दोन्ही त्याच सामन्यात.

डोंगर उतरलं की कॅरोनीचं मैदान लागतं. मला सगळ्यात जास्त ओढ याच भागाची. हा उसाचा मुलूख. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारावर बांधलेले मजूर इथे आणले गेले. त्यातले बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, कलकत्त्याहून जहाजात बसलेले. त्यांच्या वंशजांची वस्ती आजही याच पट्ट्यात आणि त्याच्या दक्षिणेला दाट आहे. ऊस गेला, सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, पण इथलं चाग्वानास वाढतच राहिलं. लोकसंख्येत त्याने राजधानीलाही मागे टाकलंय. मैदानाच्या पश्चिम टोकाला कॅरोनीची खारफुटी आहे. संध्याकाळी लालभडक आयबिसांचे थवे तिथे मुक्कामाला येतात. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी.

दक्षिण तेलाची. सान फर्नांडो हे तिथलं मोठं शहर, पॉइंट फोर्टिन तेलामुळे वाढलेलं. मधल्या ला ब्रेआ गावात नैसर्गिक डांबराचा तलाव आहे, सुमारे १०० एकरांचा, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावरून चालताही येतं. नैसर्गिक वायूवर चालणारे अमोनिया आणि मिथेनॉलचे कारखाने थोडे उत्तरेला, पॉइंट लिसासला. पूर्व किनाऱ्यावर मात्र नारळाच्या बागा, नारिवाची दलदल आणि विरळ वस्ती.

टोबॅगो ईशान्येला. मुख्य गाव स्कारबरो. पोर्ट ऑफ स्पेनहून फेरीबोटीने किंवा विमानाने जाता येतं. कण्यासारख्या डोंगररांगेवरचं जंगल १७७६ पासून कायद्याने राखीव आहे. त्रिनिदाद सहसा चक्रीवादळांच्या वाटेच्या दक्षिणेला राहतं, पण १९६३ मध्ये फ्लोरा वादळाने टोबॅगोची शेती उद्ध्वस्त केली. त्यानंतर हे बेट हळूहळू पर्यटनाकडे वळलं.