आधी उंची बघा, रंग मग ठरवू

प्रश्न : ताई, ठाण्याला जुन्या बिल्डिंगमध्ये आमचा वन बीएचके आहे. हॉल आणि बेडरूमला मोझॅक, किचनला शहाबादी. आता काम काढलंय. मुलं म्हणतात हॉलला पांढरी चकचकीत टाइल, किचनला वेगळी मॅट आणि बेडरूमला लाकडासारखं लॅमिनेट घालू. मिस्टरांचं म्हणणं सगळीकडे एकच घाला, कटकट नको. हॉल आणि किचनच्या मध्ये दार नाही, नुसती चौकट होती तीही काढली. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुनी फरशी न उखडता वरूनच बसवू. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही सासूबाईंचा वॉकर पत्रात लिहिलात ते फार बरं केलंत, कारण तुमचं सगळं उत्तर त्या वॉकरपासूनच सुरू होतं. माझ्या मावशीकडे हॉलला नवीन टाइल घातली, बेडरूमची जुनी तशीच ठेवली आणि मधे काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, चांगली बोटभर वर आलेली. दिसायला छान होती. पण मावशी प्रत्येक वेळी तिथे थांबायची, वॉकर उचलायची, पलीकडे ठेवायची, मग एक पाय, मग दुसरा, आणि एकदा रात्री लाइट न लावता निघाली तेव्हा वॉकरचा पुढचा पाय पट्टीला अडकलाच. भिंत जवळ होती म्हणून धरता आलं. नंतर पट्टी काढायला लागली, म्हणजे दोन्हीकडच्या टाइलही फुटल्या.

म्हणून रंगाचं राहू दे, आधी प्रत्येक खोलीची तयार उंची कागदावर मांडा. मोझॅकवर टाइल बसवली तर टाइल साधारण ९ मिमी आणि खालचं टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह ३-४ मिमी, म्हणजे हॉल १२-१३ मिमीने वर येणार. बेडरूममध्ये मोझॅकवरच ८ मिमी लॅमिनेट आणि खाली २-३ मिमी फोम घातला की १०-११ मिमी. फरक उरला दोनेक मिमीचा, तो चपट्या मेटल पट्टीत झाकला जातो आणि वॉकर सरळ जातो. पण हॉलला टाइल आणि बेडरूमचं मोझॅक तसंच असं केलंत तर १२-१३ मिमीची पायरी होईल, ते नको. कॉन्ट्रॅक्टरला सांगा, काम सुरू व्हायच्या आधी पाण्याची लेव्हल ट्यूब लावून तिन्ही खोल्यांची मापं तुमच्यासमोर घे. खोल्या एका लेव्हलला असतीलच असं धरून चालू नका.

वरून बसवायला माझी हरकत नाही, फक्त मोझॅक ठोकून बघा, पोकळ वाजेल ती फरशी काढून तिथे भरून घ्या आणि सिमेंटच्या मालात नाही, अ‍ॅडहेसिव्हमध्येच बसवा, कारण व्हिट्रिफाइड (खूप तापवून घट्ट केलेली) टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, नुसत्या सिमेंटला ती धरत नाही. दोनशे स्क्वेअर फुटांच्या हॉलला नुसत्या टाइलचंच साडेतीनशे-चारशे किलो वजन येतं, तेव्हा सोसायटीला लेखी कळवा. मेन दार, बेडरूमचं दार खालून घासणार, ती तासायचा खर्च आत्ताच धरा. किचनची शहाबादी मात्र उखडाच, ती खालीवर असते, तिच्यावर टाइल सरळ बसत नाही, आणि उखडली की किचन हॉलच्या लेव्हलला आणता येतं.

आता कुठे काय. हॉल आणि किचनमध्ये दार नाही ना, मग इथे मिस्टरांचं ऐका, दोन्हीकडे एकच टाइल आणि तीही मॅट. चकचकीत टाइलवर सिंकपाशी दोन थेंब पाणी सांडलं तरी पाय घसरतो आणि ते थेंब दिसतही नाहीत. रेघा हॉलमधून किचनमध्ये सलग गेल्या पाहिजेत, म्हणून मिस्त्रीला दोन्ही खोल्यांची लाइनदोरी एकदमच मारायला लावा, एक खोली आज नि दुसरी पुढच्या आठवड्यात असं केलं की रेघ तुटते. बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर सगळीकडे एकच आहे ना बघून घ्या, आणि दहा टक्के माल जास्त आणा, पुढे एखादी फुटली तर त्याच शेडची मिळत नाही.

बेडरूमला मुलांचं ऐका, दार आहे तिथे फरशी बदलली तरी चालतं. जोड मात्र बंद दाराच्या फळीच्या बरोबर खाली यायला हवा. हॉलमध्ये बसलात की हॉलचीच फरशी दिसावी, आत गेलात की आतलीच. लॅमिनेटची भिंतीपासून ८-१० मिमी जागा सोडायला सांगा, ते फुगतं-आकसतं, स्कर्टिंगखाली झाकलं जातं. पावसाळ्यात खिडकीतून पाणी येत असेल तर लॅमिनेट नको, एसपीसी घ्या, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिकचं फ्लोअरिंग, ते पाण्याने फुगत नाही. त्याची जाडी वेगळी, म्हणजे उंचीचं गणित परत मांडा.

रंग बघायला टाइलचा तुकडा आणि लॅमिनेटचा तुकडा दोन्ही घरी आणा, दारात जमिनीवर शेजारी ठेवा, सकाळी बघा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये परत बघा. पिवळसर लाकडाशेजारी निळसर करडी टाइल दुकानात खपून जाते, घरी रोज खुपते.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं जुनं घर आहे, माजघराला लाल कोबा. लागून एक नवीन खोली काढलीय, तिला कोब्यासारखी लाल टाइल घालू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको हो. कोब्याच्या लालाला ही छटा इतक्या वर्षांच्या वापराने आलेली आहे, त्याच्या जवळपासचा लाल घातला की ठिगळ लावल्यासारखं दिसतं. सरळ वेगळं घ्या, करडी शहाबादी किंवा हिरवट कोटा, पॉलिश न केलेला. दारात काळ्या कडप्प्याची पट्टी, कोब्याच्या सपाटीला. आणि ती पट्टी बसवताना कोब्याची कड मशीनने कापून घ्या, छिन्नीने फोडू देऊ नका, कोबा एकदा तडकला की ती चीर आत माजघरापर्यंत धावते.