घरच्या वर्कशॉपमध्ये डीबी कुठे बसवावा?

घरामागच्या शेडमध्ये टेबल सॉ आणि रंधा मशीन लावताय, आणि वायरमन म्हणतोय डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे मेन स्विच आणि ब्रेकरचा डबा) वर्कबेंचच्या वर घेऊ, वायर कमी लागेल. वायर वाचेल, पण जागा चुकीची आहे. कधी मशीनमध्ये काही अडकलं तर त्याच मशीनवरून वाकून मेन बंद करायचा का?

डीबी दाराजवळ घ्या, कडीच्या बाजूला. बिजागरीच्या बाजूला घेतला तर दार उघडलं की त्याच्यामागे लपतो. समोर किमान एक मीटर जागा मोकळी हवी, आणि ती कायम मोकळी राहायला हवी. प्लायचे तुकडे नेमके तिथेच टेकवले जातात, म्हणून जमिनीवर पिवळा पट्टा मारून ठेवा. उंची साधारण दीड मीटर, म्हणजे स्टूल न घेता हात पोचतो.

कोकणात असाल तर पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा. तिथे ओल येतेच. भुसा आत जाऊ नये म्हणून डीबीला घट्ट झाकणाचा, आयपी ५४ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारा) डबा घ्या. वायर आत येते तिथे ग्लँड (वायरभोवती घट्ट बसून भोक बंद करणारा भाग) लावायला सांगा, नाहीतर सगळा भुसा त्या भोकातूनच आत जातो.

आणि दिव्यांची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मशीनपासून वेगळी ठेवा. प्लगना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) द्या, पण दिवे तिच्यावर घेऊ नका. करवत फिरत असताना ट्रिप झालं तर पातं लगेच थांबत नाही, आणि तेव्हा अंधार नको.