घरात बोका आलाय, हॉलमधल्या बजींचं काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये स्टँडवरच्या पिंजऱ्यात बजींची (छोट्या पाळीव पोपटांची) जोडी आहे आणि आता आठ महिन्यांचा बोका आलाय. तो तासन्‌तास पिंजऱ्यासमोर बसतो, ‘पण काही करत नाही’. पिंजरा उंच टांगा आणि बोक्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. या दोन्हींवर भिस्त ठेवू नका.

आधी त्या ‘काही करत नाही’विषयी. कान पुढे, मागचे पाय पोटाखाली आवळलेले, शेपटीचं फक्त टोक हलतंय, मधूनच दात कटकट वाजतायत, ही शिकारीची बैठक आहे. बजींना ती बरोबर कळते. ते पिसं अंगाशी घट्ट मिटून बारीक, ताठ होऊन बसतात, चिवचिव बंद होते, दाणे तसेच राहतात. ३०-४० ग्रॅमच्या जिवाला उपास झेपत नाही. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि रोज सकाळी दाणे द्यायच्या आधी वजन लिहून ठेवा. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ च्या खाली गेला तर डॉक्टरांना दाखवायचं, ‘बघू दोन दिवस’ करायचं नाही.

बाजारातला हलक्या तारेचा पिंजरा पक्षी उडून जाऊ नये एवढ्यासाठी बनवलेला असतो. मांजर अडवायचा विचार त्यात नसतो. वर सरकणारं दार पंजाने खालून सहज उचललं जातं, वाट्यांची छोटी दारंही तशीच. पिंजरा पडला की ट्रे निसटतो आणि तळाला फट राहते. पण सगळ्यात वाईट जागा म्हणजे तारांची बाजू. बजींसाठी दोन तारांत १२ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नसावं हे खरं, पण मांजराचं नख त्यातूनही आत जातं. बजी तारांना लटकतात तेव्हा त्यांची बोटं तारेला बाहेरून विळखा घालून असतात. तिथेच नख अडकतं आणि दार बंद असतानाही पाय किंवा पंख ओढला जातो.

म्हणून प्रत्येक दाराला स्प्रिंगची स्टीलची कडी लावा, ट्रे दोन्ही बाजूंनी तारेने बांधा. कपड्यांचे चिमटे नकोत, ते झटक्यात उडतात. पिंजऱ्याभोवती चारही बाजूंनी आणि वरून १० सेंटिमीटर अंतर सोडून अर्ध्या इंची वेल्डमेशची (वेल्डिंग केलेल्या तारजाळीची) चौकट फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, म्हणजे बाहेरचं नख आतल्या बोटांपर्यंत पोचणार नाही. जस्ताचा मुलामा असलेली नवी जाळी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन वाळवा. मोकळे सोडल्यावर बजी हमखास त्या चौकटीवरच बसून तार कुरतडतात, आणि जस्त त्यांना विषारी आहे.

आता टांगण्याबद्दल. धडधाकट मांजर जमिनीवरून दीड मीटर उडी सहज मारतं, आणि सोफा, फ्रिज, पडदा हे त्याचे जिनेच. चार किलोचा बोका पिंजऱ्याला लोंबकळला की पीओपीतला हूक पिंजऱ्यासकट खाली. घुंगरू ऐकू आलं तरी पिंजऱ्यातला पक्षी पळणार कुठे? शिवाय काही मांजरं ते न वाजवता चालायला शिकतात, असंही म्हणतात. पाण्याचा फवारा मारला तर बोका एवढंच शिकतो की तुम्ही समोर असताना जायचं नाही.

खरा उपाय म्हणजे वेगळी खोली. एक बेडरूम बजींची करा. लीव्हरचं हँडल मांजर लटकून उघडतं, म्हणून दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी हवी. डोअर क्लोजर लावला तर उत्तम, कारण दार बहुतेक वेळा कुणीतरी ‘एकच मिनिट’ म्हणून उघडं ठेवलेलं असतं. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा. नायलॉनची मच्छरजाळी बोका नखाने फाडतो, खिडकीला स्टीलची जाळी लावा. पिंजरा कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असा ठेवा, त्यांना पाठीमागे आडोसा लागतो. खोली बंद राहणार, तेव्हा तिथे मच्छरांची कॉइल आणि उदबत्ती वर्ज्य, धूर कोंडतो.

पक्षी सोडण्यापूर्वी बोक्याला दहा-पंधरा मिनिटं दोरीमागे पळवा, मग जेवण द्या. तो दुसऱ्या खोलीत आहे हे डोळ्यांनी बघून कडी घाला. ‘आत असेल’ चालत नाही, पलंगाखाली झोपलेला निघतो. मग पंखा बंद, मग पिंजरा उघडायचा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. बजींचे पंख मात्र कापू नका. पंख कापलेला पक्षी घाबरून उडाला की जमिनीवर पडतो, मांजराच्या पुढ्यात.

एवढं करूनही बोक्याचा दात किंवा नख लागलंच, तर रक्त दिसो न दिसो, ती इमर्जन्सी समजा. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, चाटल्यामुळे ते पंजालाही लागतात. पिसांखालचं टाचणीएवढं भोक दिसत नाही, आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं नाही तर पक्षी एक-दोन दिवसांत जातो. पातळ नॅपकिनने अलगद पकडा, भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात ठेवा, अंधार करा. खोक्याच्या एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापसाने हलका दाब द्या, पण छाती आवळू नका, श्वास घेता येत नाही. हळद, तूप, मलम काही लावायचं नाही, पिसं चिकटतात. ड्रॉपरने पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. माणसांची औषधं तर नकोच.

सगळे पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत. आजच तीन-चार ठिकाणी फोन करून बजी बघतात का आणि रात्री कोण असतं, हे विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे पक्ष्यांवरही उपचार होतात, पण निघण्याआधी फोन करून डॉक्टरांची वेळ विचारून घ्या.